विस्कॉन्सिनमध्ये हरणाची शिकार: आधी जमीन की आधी रायफल?

पानशेतकर

नमस्कार मंडळी. विस्कॉन्सिनच्या मध्यात, क्लार्क काउंटीत राहतो. चीजच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथला नऊ दिवसांचा गन डिअर सीझन उघडतो आणि आमची शिफ्ट निम्मी रिकामी होते. उरलेले निम्मे तोंड पाडून काम करतात, त्यांत मी. यंदा ग्रीन कार्ड हातात पडलंय, तेव्हा पुढच्या सीझनला आपणही जायचं असं ठरवलंय.

प्रश्न दोन. रायफल कोणती घ्यावी? बजेट हजार डॉलर, दुर्बिणीसकट. कारखान्यात यावरून रोज भांडणं होतात आणि मला त्यातलं काही कळत नाही. दुसरा, जायचं कुठे? माझी जमीन नाही. भाड्याचं घर, मागे पाव एकर गवत, त्यावर सशांचं राज्य.

खाण्यासाठीच करायचंय. शिंगं भिंतीवर लावायची हौस नाही, बायकोने तशी तंबीही दिली आहे. घरात सात वर्षांची मुलगी आहे, तेव्हा बंदूक घरात ठेवण्याबद्दलही सांगा. प्राणी मारावेत की मारू नयेत यावर इथे वाद नको, ही विनंती.

टेकाडे

३०-०६ घ्या, डोळे झाकून. १९०६ सालचं काडतूस आहे, अजून कोणाला त्यात खोट काढता आलेली नाही. मी मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात असतो. आमच्याकडे पेट्रोल पंपावरसुद्धा त्याची गोळी मिळते. हरीण, अस्वल, उद्या कॅनडात मूसला गेलात तर मूस, सगळ्याला चालते.

क्रीडमूर_कुलकर्णी

टेकाडेकाका, मूसला कोण चाललंय? काडतूस घ्यायचं तर ६.५ क्रीडमूर. धक्का निम्मा, नेम दुप्पट. नवशिक्याला ३०-०६ दिली की दुसऱ्या गोळीपासून तो डोळे मिटूनच घोडा ओढतो. मी चारशे यार्डांवर स्टीलची प्लेट वाजवतो.

टेकाडे

प्लेट वाऱ्याकडे नाक करून उभी राहत नाही हो. हरीण राहतं.

गोठेवाली

दोघांच्याही रायफली उत्तम, आणि दोघांचंही उत्तर पानशेतकरांच्या काहीच कामाचं नाही. राग मानू नका.

मी याच पट्ट्यात गुरांची डॉक्टर आहे. दिवसभर गोठ्यांतून फिरते, त्यामुळे कोणाच्या मक्यात किती हरणं चरतात आणि कोण कोणाला रानात पाऊल टाकू देत नाही, हे आपोआप कानावर पडतं. रायफल दुकानात मिळते. कागद भरला, तपासणी झाली, पैसे टाकले की काम झालं. जमीन तशी मिळत नाही. आणि कुठल्या जमिनीवर बसणार हे कळेपर्यंत रायफल ठरवता येत नाही. सीडरच्या दलदलीत साठ यार्डांपलीकडचं दिसत नाही. कापलेल्या मक्याच्या बांधावर बसलात तर तीनशे यार्डांवरचं हरीण दिसतं. या दोन जागांना एकच उत्तर कसं असेल? म्हणून आधी जमिनीचं सांगते.

विस्कॉन्सिनमध्ये पाटी असो नसो, खासगी जमीन बंदच समजायची. न विचारता आत गेलात की अतिक्रमण. तुमचं जखमी हरीण कुंपणापलीकडे जाऊन पडलं तरी त्याच्यामागे जाता येत नाही, आधी त्या मालकाचं दार वाजवायचं. तो नाही म्हणाला तर वॉर्डनही (शिकारीचे नियम सांभाळणारा सरकारी अधिकारी) त्याला भाग पाडू शकत नाही. त्यामुळे कुंपणाच्या अगदी कडेला बसणं म्हणजे स्वतःहून कटकट ओढवून घेणं.

सार्वजनिक जमीन भरपूर आहे. काउंटी फॉरेस्ट राज्यभर मिळून सुमारे २४ लाख एकर, तुमच्या क्लार्क काउंटीतच लाखाहून जास्त. उत्तरेला शेक्वामेगन-निकोले राष्ट्रीय वन, १५ लाख एकर. लायसन्स आहे ना, मग कोणाला विचारायची गरज नाही. पहिल्या दिवशी पहाटे मात्र पार्किंगमध्ये गाड्यांची रांग आणि रस्त्यालगतच्या झाडांत शिकाऱ्यांच्या केशरी जाकिटांचे ठिपके. अर्धा-पाऊण मैल आत चालत जायची तयारी असेल तर त्यातले बहुतेक मागे राहतात. मग मेलेलं हरीण तेवढंच अंतर बर्फातून ओढत आणावं लागतं, हा हिशेब आधी करा. प्लास्टिकची स्लेज घ्या, वीस-पंचवीस डॉलरची. रायफलीइतकीच कामाची आहे ती.

आता लोकांना सहसा माहीत नसलेला प्रकार. मॅनेज्ड फॉरेस्ट लॉ, १९८५ चा. खासगी रानमालकाने पंचवीस किंवा पन्नास वर्षांसाठी रान या योजनेत घातलं की मालमत्ता कर कमी होतो. त्या बदल्यात त्याने रान 'खुलं' ठेवलं असेल तर शिकार, मासेमारी, भटकंती, स्कीइंग यांसाठी कोणीही जाऊ शकतं. मालकाला विचारावं लागत नाही. डीएनआरच्या (राज्याच्या निसर्गसंपदा खात्याच्या) नकाशावर हे तुकडे दिसतात. काहींनी जास्त कर भरून रान 'बंद' ठेवलेलं असतं, तेव्हा नकाशा नीट बघा. चालतच जायचं, मचाण तिथे सोडून यायचं नाही, फांद्या तोडायच्या नाहीत. एक मेख अशी की काही खुल्या तुकड्यांना चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या जमिनी असतात. जायला वाटच नाही. मग रस्त्यावर उभं राहून तो तुकडा बघत बसायचं.

आणि शेतकरी. हरणांनी पीक खाल्लं म्हणून ज्याला सरकारकडून नुकसानभरपाई हवी, त्याला आपली जमीन शिकाऱ्यांना खुली करावी लागते. काउंटीच्या कार्यालयात अशा शेतांची यादी असते. फोन करून ती मागा. माझ्या मते तुमच्यासारख्याने सुरुवात इथून करावी, कारण त्या शेतकऱ्याला तुम्ही यायला हवेच असता.

पानशेतकर

गोठेवालीताई, हे सोन्यासारखं आहे. यादीत नसलेल्या शेतकऱ्याकडे थेट जाऊन विचारलं तर चालतं का? कारखान्यात दूध घालणारे बरेच ओळखीचे आहेत, पण 'तुमच्या रानात बंदूक घेऊन येऊ का' हे विचारायचं कसं?

गोठेवाली

चालतं. उलट असंच विचारतात. फक्त नोव्हेंबरात नको. तोवर पुतणे, जावई, मुलाचे मित्र सगळे रांगेत असतात. ऑगस्टमध्ये जा, गवत कापून झालेलं असतं आणि माणूस बोलायला मोकळा असतो. दूध काढायच्या वेळी अजिबात जाऊ नका. एकटे जा, मुलीला नेलंत तर आणखी चांगलं, पण चार दोस्त गाडीत बसवून जाऊ नका. गाडी फाटकासमोर लावू नका, त्याचा ट्रॅक्टर अडला की उत्तर तिथेच ठरलं.

एका कार्डावर नाव, फोन, गाडीचा नंबर लिहून न्या. तो पहिला प्रश्न विचारेल, 'तुम्ही किती जण?' उत्तर 'मी एकटा' असलं पाहिजे, आणि नंतरही ते तसंच राहिलं पाहिजे. दुसरा प्रश्न तो तोंडाने विचारणार नाही, पण त्याच्या मनात असतो: 'हा माझ्या रानात पडला-झडला तर मला कोर्टात खेचेल का?' त्यावर इथे कायदा आहे. मनोरंजनासाठी जमीन वापरू दिली तर अपघाताची जबाबदारी सहसा मालकावर येत नाही. बऱ्याच जुन्या शेतकऱ्यांना हे माहीत असतं, तरुणांना सांगावं लागतं. शहाणपणा न दाखवता सांगा.

'नाही' म्हणाला तर आभार मानून निघा. पुढच्या वर्षी परत विचारता येतं. 'हो' म्हणाला तर विचारा: गुरं कुठल्या कुरणात असतात, घराच्या कुठल्या बाजूला गोळी जायला नको, गाडी कुठे लावू, मादी मारलेली चालेल ना. शेवटच्या प्रश्नाने त्याचा चेहरा खुलतो. नर सगळ्यांनाच हवा असतो, पीक कमी खाल्लं जायचं तर माद्या कमी व्हाव्या लागतात. डिसेंबरात एक पाकीट सॉसेज आणि तुमच्याकडचा चिवडा नेऊन द्या.

सावळा_गोंधळ

एक विचारू का? सगळं छान आहे, पण सावळ्या कातडीचा माणूस रायफल घेऊन खेड्यातल्या रानात एकटा फिरतोय हे चित्र मला झेपत नाही. २००४ साली विस्कॉन्सिनमध्येच काय झालं होतं ते आठवत असेल.

गोठेवाली

आठवतं. सॉयर काउंटीत एका खासगी जागेतल्या मचाणावर एक ह्मोंग (आग्नेय आशियातून इथे आलेला समाज) शिकारी बसलेला सापडला, मालकमंडळींशी वाद झाला आणि त्याने केलेल्या गोळीबारात सहा जण गेले. पुढे २००७ मध्ये उत्तरेत एका ह्मोंग शिकाऱ्याचा खून झाला. त्या काळात आमच्याकडच्या ह्मोंग कुटुंबांनी काय सोसलं ते मी पाहिलंय. तुमची भीती उगाच आहे असं मी म्हणणार नाही.

म्हणूनच तर आधी ओळख, मग रान. शेजारच्या दोन घरांनाही मालकाकडून कळवून ठेवा की अमुक गाडी माझ्या परवानगीने उभी आहे. आणि कोणी 'इथून निघा' म्हणालं, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरी, रायफल रिकामी करा आणि निघा. वाद गाडीत बसल्यावर वॉर्डनच्या फोनवर घाला.

देवगडचा_बाळू

वाचतोय आणि गंमत वाटतेय. आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक होती, परवान्यावर 'शेतीसंरक्षण' असा शिक्का. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. वानर नि डुकरांना घाबरवायला बार काढायचे एवढाच तिचा उपयोग. आमच्याकडे पूर्वी हाकारा असायचा म्हणतात, माणसं रान उठवायची आणि एक जण नाक्यावर बसायचा. तिथे तसं चालतं का? की नुसतं झाडावर बसून राहायचं?

(कोणी पोलिसी प्रश्न विचारण्याआधीच सांगतो, १९७२ च्या कायद्यानंतर इकडे शिकार बंद आहे आणि मी केलेली नाही.)

टेकाडे

बाळू, हाकारा चालतो! 'डिअर ड्राइव्ह' म्हणतात, दुपारनंतर हरणं हलेनाशी झाली की सगळे कुटुंबीय तेच करतात. आणि ठासणीचा तर विस्कॉन्सिनमध्ये वेगळा सीझन आहे, गन सीझन संपला की लगेच दहा दिवस.

चांदमारी

हाकाऱ्यात पहिल्या वर्षी जाऊ नका पानशेतकर. मी मॅडिसनजवळच्या एका रायफल क्लबात रेंजवर स्वयंसेवक आहे. हाकाऱ्यात हरीण पळत असतं, माणसंही हलत असतात आणि गोळीच्या रेषेत पुढे कोण आहे हे नवख्याला सांगता येत नाही. केशरी जाकीट कायद्याने लागतंच (कमरेवरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी झगझगीत केशरी किंवा गुलाबी), पण झाडीआडचं जाकीट दिसतंच असं नाही.

आता रायफलीबद्दल. गोठेवालीबाईंचं बरोबर आहे, जमीन ठरू द्या. तरी ढोबळ सांगतो.

दाट रान असेल तर लीव्हरची (खालची दांडी ओढून पुढची गोळी भरायची) ३०-३० घ्या, जुनी मार्लिन किंवा विंचेस्टर. आखूड, हलकी, झुडपांत अडकत नाही. दीडशे यार्डांच्या आत हरणाला ती पुरून उरते. शेताचा बांध किंवा विजेच्या तारांखालची मोकळी पट्टी असेल तर बोल्ट ॲक्शन (खिटी मागे-पुढे करून गोळी भरायची) ३०८ किंवा ६.५ क्रीडमूर. बायकोलाही पुढे यायचं असेल किंवा खांद्याला धक्का सोसत नसेल तर २४३, फक्त गोळी हरणासाठीची घ्या आणि लांबचा मोह टाळा. ३०-०६ मध्ये वाईट काही नाही, पण ३०८ तेच काम थोड्या कमी धक्क्यात करते. कुलकर्णींचा चारशे यार्डांचा विषय सोडून द्या, इथली बहुतेक हरणं शंभर यार्डांच्या आत पडतात.

दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या दक्षिणेकडच्या बऱ्याच काउंट्यांत रायफल चालतच नव्हती, शॉटगनच वापरावी लागे. जुने लोक अजून त्याच सवयीने बोलतात, गोंधळू नका. गोळी सेंटरफायर हवी आणि फुलणारी हवी. पूर्ण धातूने मढवलेली रेंजवरची स्वस्त गोळी हरणासाठी बेकायदा आहे.

चारशे-पाचशे डॉलरमध्ये दुर्बीण बसवलेली नवी बोल्ट ॲक्शन मिळते, आणि ती तुमच्या-माझ्यापेक्षा नेमकी असते. उरलेले पैसे गोळ्यांवर घाला. दुकानात रायफल हातात घेतल्यावर ब्रँड बघू नका. डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. दुर्बिणीतलं पूर्ण गोल चित्र मान न हलवता दिसलं तर दस्ता तुमच्या मापाचा. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर दुसरी बघा. हे जाड कोट घालून करा. जूनमध्ये टी-शर्टवर बसलेला दस्ता नोव्हेंबरात काखेत अडकतो. आणि डावा डोळा प्रबळ आहे का ते तपासून घ्या, त्यापायी लोक वर्षं वाया घालवतात.

सरावाला बाकावरून शंभर यार्डांवर दीड-दोन इंच वर नेम बसवून घ्या, म्हणजे दोनशेपर्यंत काही मोजावं लागत नाही. तो एकदा बसला की बाक सोडा. बसून मारा, गुडघ्यावर मारा, झाडाला टेकून मारा. रानात बाक नसतो. घोडा ओढू नका, दाबत न्या, बार कधी उडाला ते तुमचं तुम्हाला कळता कामा नये.

थंडीचं एक: रात्री रायफल उबदार घरात आणली की दुर्बिणीवर आणि नळीत दव धरतं, आणि पहाटे बाहेर गोठतं. सीझनभर ती बिनतापवलेल्या गॅरेजमध्ये, कुलूपबंद पेटीत ठेवा. गोळ्या वेगळ्या कुलपात. घरात सात वर्षांचं मूल असताना हे सुचवणं नाही, अट समजा. किल्ली कुठे असते हे फक्त दोघांना माहीत हवं.

क्रीडमूर_कुलकर्णी

चंद्रकोरीचं पटलं. बाकी क्रीडमूर यादीत आली यातच समाधान. तांब्याच्या गोळीचं कोणीच बोललं नाही. शिशाची गोळी लागली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात पसरतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. घरात लहान मूल आहे, तेव्हा पूर्ण तांब्याची घ्या. पेटीमागे काही डॉलर जास्त पडतात. नेम मात्र त्याच गोळीने बसवा, दोन्ही एकाच जागी लागत नाहीत.

एचवन_बी_बाबू

ग्रीन कार्ड नसलेल्यांचं काय? ऑफिसात सांगतात व्हिसावर बंदुकीला हातही लावायचा नाही.

चांदमारी

सर्वसाधारण नियम तोच आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा फेडरल गुन्हा. पण अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू शिकार लायसन्स जवळ असेल तर त्याला अपवाद आहे. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, आणि कपाटातली रायफल तशीच असते. त्यामुळे वकिलाला विचारून, कागद फाईलला लावूनच. पानशेतकरांना हा प्रश्न नाही, ग्रीन कार्डवर खरेदीच्या अर्जात आपला एलियन नंबर भरला की झालं.

कोर्सचं कोणी सांगितलं नाही वाटतं. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा दाखला लागतो. तो नसेल तर अनुभवी माणसाच्या हाताच्या अंतरावर राहून 'मेंटॉर्ड' शिकार करता येते, पहिल्या वर्षी तेच बरं. रहिवाशाला गन लायसन्स २४ डॉलर, पहिल्यांदाच काढणाऱ्याला ५.

टेक्सासचा_टग्या

अवांतर: ३०-०६ आणि ३०८ वर भांडणाऱ्यांनो, आमच्याकडे या. दक्षिण टेक्सासात रोही आहेत! आपलीच, नीलगाय. किंग रँचवाल्यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत आणून सोडली, आता हजारोंनी झालीत. हिल कंट्रीत चितळ आहेत, १९३२ पासून. दोन्ही परदेशी म्हणून त्यांना ना सीझन ना मर्यादा. पण राज्यातली ९५ टक्क्यांहून जास्त जमीन खासगी, त्यामुळे 'अर्धा मैल आत चालत जा' वगैरे विसरा. लीज घ्या, नाहीतर दिवसाचे पैसे मोजा. रोह्याच्या नराची कातडी इतकी जाड की गाइड ३०० विन मॅग या दांडग्या काडतुसाखालची रायफल आणू नका म्हणतात. म्हणजे जमीन रायफल ठरवते, खरं. आमच्याकडे ती पाकीटही ठरवते.

वाशीमकर_वहिनी

टेक्सासातले रोही विकत मारायला लोक पैसे देतात, हे वाचून आमच्या ह्यांना हसावं की रडावं कळेना. इथे तूर फुलावर आली की रात्रभर माळ्यावर जागल करावी लागते. डबे वाजवा, फटाके लावा, जुन्या साड्या कुंपणाला बांधा. दोन दिवस घाबरतात, तिसऱ्या दिवशी साडीखालून आत येतात. भरपाईचा अर्ज, पंचनामा, वनरक्षकाची वाट बघणं, तोवर शेतात उरतं काय? परवानगीने मारता येतं म्हणतात, पण गावात नेमबाज कोण, बंदूक कोणाची, आणि मेलेल्या जनावराचं काय करायचं?

ते भरपाई हवी तर शेत शिकाऱ्याला उघडं ठेवा, हे मला दोनदा वाचावं लागलं. तिकडे शिकारी शेतकऱ्याला पैसे देतो का काही?

गोठेवाली

वहिनी, त्या योजनेतल्या शेतांवर शिकाऱ्याने काही द्यायचं नसतं, भरपाई सरकार देतं. त्यातली बरीचशी रक्कम शिकाऱ्यांनी भरलेल्या शुल्कातूनच येते. पण रांगेत उभं राहणं, पंचनाम्याला माणूस येणं, हे इथेही आहे हो. आणि भरपाई पूर्ण कधीच मिळत नाही.

फुलोरा

मला वाद घालायचा नाही, पण एवढं विचारते. मजेसाठी मारणं आणि पीक वाचवायला मारणं एकच आहे का?

टेकाडे

नाही. पण खायला मारणं यातल्या कुठल्या खणात टाकायचं ते मला आजवर कळलेलं नाही. दुकानातली कोंबडी मी कोणासाठी मारवून घेतो?

गोठेवाली

यावर वेगळा धागा काढा, मी तिथे येईन. पानशेतकर, आता तुमच्या बायकोसाठी महत्त्वाचं. विस्कॉन्सिनच्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज आहे, २००२ मध्ये माउंट होरेबजवळ पहिल्यांदा सापडला. प्रायॉनचा (बिघडलेल्या प्रथिनाचा) रोग, गाईंच्या मॅड काऊच्या जातीचा. माणसाला झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, पण रोगट निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नये असंच सीडीसी, म्हणजे अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र, सांगतं. मुंडकं नेऊन द्यायला जागोजागी पेट्या आहेत, तपासणी फुकट. निकाल येईपर्यंत मांसाची पाकिटं नाव घालून वेगळी फ्रीझ करा.

आणि आपल्या लोकांना मुद्दाम सांगते: भेजा नाही. पाया-सूप नाही. मणक्याचे तुकडे पाडून रस्सा नाही. प्रायॉन मेंदू, मणक्यातली दोरी, डोळे, प्लीहा आणि गाठी यांत जास्त असतात, आणि कुकरच्या कितीही शिट्ट्या केल्या तरी ते मरत नाहीत. मांस हाडापासून सोडवून घ्या, करवत लावू नका. खाटकाकडे देणार असाल तर 'बोनलेस, माझंच मांस वेगळं ठेवा' असं सांगून द्या.

बाकी चवीला उत्तम. चरबी जवळजवळ नसते, तेव्हा बोकडासारखं तासभर रटरटवलंत तर वातड होतं. मांडीचं मांस पातळ कापून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात झटपट सुकं करा. खांदा आणि मान मात्र मंद आचेवर दोन-तीन तास.

देवगडचा_बाळू

वाचनखूण साठवली आहे. कुठल्या वर्षी उपयोगी पडेल देव जाणे.

टेक्सासचा_टग्या

भारतात जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. शिकारीची सॅक विमानाला वापरू नका. कोपऱ्यात राहिलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, 'विसरलो हो साहेब' चालत नाही. ती सॅक कायम गॅरेजमध्येच.

पानशेतकर

सगळ्यांचे आभार. ताजी खबर अशी: काउंटीच्या यादीतून तीन फोन केले. दोघांकडे आधीच माणसं आहेत. तिसरे एक आजोबा, दूध आमच्याच कारखान्यात घालतात. मुलीला घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, 'किती जण?' मी म्हटलं, 'एकटाच.' मग मुलीकडे बघून म्हणाले, 'ही धरून दोन.'

पहिला शनिवार-रविवार त्यांची नातवंडं असतात, मला सोमवारपासून बुधवारपर्यंत यायला सांगितलंय. गोठ्याच्या मागची टेकडी. तिथून खाली कापलेला मका, त्यापलीकडे ओढ्याची झाडी. टेकडीवरून खाली मारायचं, म्हणजे गोळी जमिनीतच जाते. पूर्वेला गुरं असतात, तिकडे वळायचंच नाही. मधलं अंतर पावलांनी मोजलं, झाडीपर्यंत एकशे साठ-सत्तर यार्ड. म्हणजे ३०८, बरोबर ना चांदमारी? कोर्स ऑनलाइन सुरू केलाय.

चांदमारी

बरोबर. ३०८, तीन ते नऊ पट दुर्बीण, आणि ती तीनवरच ठेवून बसा. हरीण जवळ आलं आणि दुर्बीण नऊवर असली की नुसते केस दिसतात.

क्रीडमूर_कुलकर्णी

एकशे साठ यार्डांना क्रीडमूरही…

टेकाडे

गप रे.

गोठेवाली

छान झालं. मका उशिरापर्यंत उभा राहिला तर मात्र हरणं त्यातच दडून बसतील, तेव्हा ऑक्टोबरअखेर आजोबांना फोन करून कापणीचं विचारा. गेल्या काही पावसाळी वर्षांत थँक्सगिव्हिंगलाही मका उभा होता.

लायसन्स घेताना मादीचे टॅग (मादी मारायची परवानगी) झोन, काउंटी आणि जमिनीचा प्रकार पाहून दिले जातात. 'खासगी जमीन' निवडा. सार्वजनिक निवडलात तर त्या टेकडीवर तो टॅग चालणार नाही. आणि हरीण मिळालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवरून किंवा ऑनलाइन नोंद करायची. आजोबांच्या टेकडीवर सिग्नल येत नाही, मी तिथे गाई बघायला जाते.